माती, मळ आणि मनुष्याची प्रतिकारशक्ति

रांगणाऱ्या मुलानें अंगणांतील मातीचा घांस तोंडांत घालावा, आईनें धांवत येऊन बोटानें तो बाहेर काढावा आणि वर पाठींत एक हलकीशी चापट द्यावी, हा प्रसंग महाराष्ट्रांत घरोघर पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला आहे. प्रत्यक्ष यशोदेचीही त्यांतून सुटका झाली नाहीं. तिला मात्र मुलाच्या मुखांत विश्वरूप दिसलें, असें भागवतकार सांगतात. आजच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तोच मातीचा घांस धरला, तर विश्वरूप नव्हे, तरी एक निराळें विश्व खचित दिसतें. एक ग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर, सुपीक मातींत सूक्ष्म जंतूंची संख्या शंभर कोटींच्या घरांत जाऊं शकते.

हें विश्व त्या मुलाला घातक कीं उपकारक, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आई म्हणते, माती खाल्ल्यानें पोटांत जंत होतात. आजी म्हणते, मातींत लोळल्यावांचून पोर धट्टेंकट्टें होत नाहीं. दोघींच्याही बोलण्यांत अनुभव आहे आणि दोघींचेंही बोलणें अपुरें आहे. गेल्या शतकांत, व विशेषेंकरून गेल्या तीसपस्तीस वर्षांत, शास्त्रज्ञांनीं ह्या प्रश्नावर जो प्रकाश पाडला आहे, त्याचा इत्यर्थ थोडक्यांत असा सांगतां येईल: मातींतील जंतु शरीराला काय करील, हें केवळ त्या जंतूवर अवलंबून नसतें, तो कोणत्या दारानें आंत शिरला, कोणत्या वेळीं शिरला आणि कोणाच्या शरीरांत शिरला, ह्यांवरही तें अवलंबून असतें.

जंतु हा शब्द उच्चारतांच रोगाची आठवण व्हावी, हें स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें लुई पाश्चर आणि जर्मनींत रॉबर्ट कॉख ह्यांनीं रोगांचा आणि सूक्ष्म जंतूंचा संबंध प्रयोगांनीं सिद्ध केला. १८८२ सालीं कॉखनें क्षयाचा जंतु जगापुढें मांडला. त्या ज्ञानानें शुद्ध पाणी, स्वच्छ शस्त्रक्रिया, लसी आणि पुढें औषधें हीं मनुष्याच्या हातीं आलीं व असंख्य प्राण वांचले. ह्या उपकारांची थोरवी कमी करण्याचें कारण नाहीं. परंतु त्याबरोबरच जंतु म्हणजे शत्रु, असें एक समीकरण लोकांच्या मनांत घट्ट बसलें. वस्तुतः मातींतील बहुसंख्य जंतूंना मनुष्याशीं कांहींच वैर नाहीं. ते पालापाचोळा कुजवितात, झाडांना अन्न मिळवून देतात आणि पृथ्वीवरील जीवनाचें चक्र फिरतें ठेवतात.

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे जो सुगंध दरवळतो, तो तरी कोणाचा? तापलेल्या भूमीचा, असें कवि म्हणतात. रसायनशास्त्रज्ञ म्हणतात, त्यांतील मुख्य वांटा जिओस्मिन नांवाच्या पदार्थाचा आहे, आणि तो पदार्थ मातींतील स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जंतु तयार करतात. ह्याच कुळांतील एका जंतूपासून १९४३ सालीं अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत सेल्मन वॅक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ ह्यांनीं स्ट्रेप्टोमायसिन हें औषध शोधून काढलें. क्षयावर खरा गुण देणारें तें पहिलें जंतुनाशक औषध होय. तेव्हां ज्या मातीच्या वासानें मन प्रसन्न होतें, त्याच मातीनें क्षयरोग्यांना जीवदान दिलें आहे. येथें ती औषधाची खाण म्हणून उपयोगी पडली. प्रस्तुत प्रश्न निराळा आहे. मातींतील हे जीव खुद्द मनुष्याच्या शरीरांत येतात, तेव्हां तेथें काय घडतें?

मनुष्याचें शरीर हा एकट्याचा बंगला नसून अनेक बिऱ्हाडांचा वाडा आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणें साधारण वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरांत सुमारें ३८ लाख कोटी जंतु असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्या सुमारें ३० लाख कोटी भरते. हे जंतु अतिशय लहान असल्यामुळें त्यांचें सर्वांचें मिळून वजन मात्र पावशेराच्या आंतबाहेर असतें. ह्यांतील बहुतेक मोठ्या आंतड्यांत राहतात. बाकीचे त्वचेवर, तोंडांत व नाकांत असतात. पुष्कळसे जन्माच्या वेळीं आईकडून मिळतात आणि ते ह्या वाड्यांतील जुने बिऱ्हाडकरू होत. मातींतील जंतु त्या मानानें थोडे. हातांवरून, कच्च्या भाजीवरून, विहिरीच्या पाण्यांतून आणि श्वासाबरोबर येणाऱ्या धुळीवरून ते रोज आंत येतात. त्यांतील बहुतेक वाटसरू असतात, कांहीं चार दिवस मुक्काम करतात, आणि थोडे बिऱ्हाड थाटतात.

अशा मुक्कामी पाहुण्यांपैकीं बॅसिलस सबटिलिस हा एक प्रसिद्ध आहे. गवत पाण्यांत ठेवून त्याचा काढा केला असतां तो हटकून सांपडतो, म्हणून त्याला गवताचा जंतु असेंही म्हणतात. १८७२ सालीं फर्डिनंड कोन ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याला आजचें नांव दिलें. परिस्थिति प्रतिकूल झाली म्हणजे हा जंतु स्वतःभोंवतीं एक कठीण कवच निर्माण करून बीजरूपानें स्वस्थ पडून राहतो. उन्हानें, कोरडेपणानें, किंबहुना जठरांतील आम्लानेंही तें बीज सहसा मरत नाहीं. आंतड्यांत पोंचल्यावर तें पुन्हां रुजूं शकतें. मनुष्याच्या आंतड्यांतूनही हा जंतु संशोधकांनीं वेगळा काढलेला आहे. जपानांत सोयाबीन आंबवून नात्तो नांवाचा पदार्थ करतात, तोही ह्याच जंतूच्या एका प्रकारानें. म्हणजे तेथील लोक हा पाहुणा रोज न्याहारीला बोलावून आणतात, असें म्हटलें तरी चालेल.

आतां वाड्याच्या रखवालीचा विचार करूं गेल्यास, रोगप्रतिकारशक्ति म्हणजे केवळ शत्रूला मारणारी फौज, ही समजूत अर्धवट आहे असें दिसून येतें. जुन्या काळीं गांवांत जागल्या असे. त्याचें मुख्य कौशल्य काठी चालविण्यांत नसे, तर माणसें ओळखण्यांत असे. गांवचा कोण, पाहुणा कोण आणि चोर कोण, हें त्याला ठाऊक असे. ज्या जागल्यानें कधीं कोणी पाहुणा पाहिलाच नाहीं, तो वाऱ्यानें हाललेल्या फांदीवरही काठी उगारील. शरीराच्या रक्षक पेशींचें असेंच आहे. त्यांतील कांहीं पेशी हल्ला करणाऱ्या असतात, तर कांहीं हल्ला आवरून धरणाऱ्या, नियंत्रक पेशी असतात. नियंत्रण दुबळें झालें म्हणजे फुलांचे पराग, शेंगदाणा, धूळ अशा निरुपद्रवी वस्तूंवर शरीर तुटून पडतें. ह्यालाच ॲलर्जी म्हणतात. तेंच शस्त्र स्वतःच्याच पेशींवर उलटलें म्हणजे स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश होऊन लहान मुलांना होणारा मधुमेह उद्भवतो.

ह्या रक्षकांना शिक्षण जंतूंकडून मिळतें, ह्याचा पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांत मिळाला आहे. जन्मापासून पूर्णपणें जंतुविरहित ठेवलेल्या प्राण्यांची प्रतिकारयंत्रणा अपक्व राहते. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या सशांवरील एका प्रयोगांत आंत्रपुच्छांतील रक्षक पेशींचा समूह वाढण्यास कोणते जंतु लागतात, हें पाहण्यांत आलें. आंतड्यांत नित्य राहणारा बॅक्टेरॉइडीस फ्रॅजिलिस हा जंतु एकटा दिला, तर वाढ पुरती होईना. गवताचा जंतु एकटा दिला, तरीही ती होईना. दोघे एकत्र दिल्यावर मात्र ती चांगली झाली. घरचा शिक्षक आणि बाहेरचा शिक्षक अशा दोघांचीही तेथें गरज पडली. ससा म्हणजे मनुष्य नव्हे, हें खरें. पण प्रतिकारशक्तीची शाळा कशी भरते, ह्याची कल्पना त्यावरून येते.

मनुष्याविषयीं ह्या विचाराला चालना मिळाली ती १९८९ सालीं. इंग्लंडांतील डेव्हिड स्ट्रॅकन ह्यांनीं सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्या घरांत मोठीं भावंडें अधिक, तेथील धाकट्या मुलांना परागांमुळें होणारें नाकाचें दुखणें कमी, असें त्यांना दिसलें. भावंडांकडून लहानपणीं होणारे संसर्ग ह्यास कारण असावेत, असा तर्क त्यांनीं केला. पुढें २००३ सालीं ग्रॅहॅम रूक ह्यांनीं तो सुधारून मांडला. गोंवर किंवा पडसें ह्यांसारख्या गर्दीच्या रोगांनीं हें शिक्षण मिळत नाहीं, तर मनुष्यजात अरण्यांत, शेतांत आणि गोठ्यांत वावरत असतां हजारों वर्षें जे निरुपद्रवी जंतु तिच्या सहवासांत होते, त्यांच्याकडून मिळतें, असें त्यांचें म्हणणें आहे. त्या जंतूंना त्यांनीं 'जुने स्नेही' असें नांव दिलें. मातींतील व पाण्यांतील अनेक जंतु ह्या स्नेह्यांत मोडतात.

ह्या मताची कसोटी पाहावयास एक भूमि जणूं निसर्गानें आणि इतिहासानें मिळून तयार करून ठेविली होती. युरोपच्या उत्तरेस फिनलंड व रशिया ह्यांच्या सीमेवर कारेलिया नांवाचा तळ्यांचा व अरण्यांचा प्रदेश आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा मोठा भाग सोव्हिएट संघाकडे गेला आणि उरलेला फिनलंडांत राहिला. हवा तीच, झाडें तींच, लोकांची आनुवंशिक घडणही बरीचशी जुळती. परंतु सीमेच्या पश्चिमेस सुबत्ता आणि शहरी राहणी आली, तर पूर्वेस पुष्कळ कुटुंबें भाजीपाला पिकवीत, गुरें पाळीत आणि विहिरी-तळ्यांचें पाणी पीत राहिलीं. संशोधकांनीं दोन्ही बाजूंच्या मुलांची तपासणी केली, तेव्हां ॲलर्जीचें प्रमाण फिनलंडच्या बाजूस फार अधिक आढळलें. बालवयांतील मधुमेह तर रशियन कारेलियाच्या मानानें फिनलंडांत सुमारें सहा पटींनीं अधिक भरला.

एवढ्यावरून सर्व श्रेय मातीला देणें हें मात्र तर्कशास्त्राला धरून होणार नाहीं. दोन्ही बाजूंच्या आहारांत, औषधोपचारांत आणि इतर अनेक गोष्टींत फरक होता. म्हणून फिनलंडांतील संशोधकांनीं आणखी बारकाईनें पाहिलें. फुलपांखरांच्या अभ्यासामुळें प्रसिद्धि पावलेले इल्का हान्स्की आणि ॲलर्जीचे तज्ज्ञ तारी हाहतेला ह्यांनीं सहकाऱ्यांसह पूर्व फिनलंडांतील ११८ तरुण मुलामुलींची त्वचा, रक्त आणि घराभोंवतींची जमीन ह्यांची तपासणी केली. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, ज्यांच्या घराभोंवतीं वनस्पतींची विविधता अधिक, त्यांच्या त्वचेवरील एका विशिष्ट वर्गाच्या जंतूंची विविधताही अधिक होती. ॲलर्जीकडे कल असणाऱ्यांत ती कमी होती. मातींत व पाण्यांत राहणारे ॲसिनेटोबॅक्टर जातीचे जंतु ज्यांच्या त्वचेवर अधिक होते, अशा निरोगी मुलांच्या रक्तांत दाह शमविणाऱ्या एका द्रव्याची निर्मितिही अधिक दिसून आली. म्हणजे अंगणांतील माती आणि रक्तांतील नियंत्रण ह्यांना जोडणारा एक धागा हातीं लागला.

तरीही हा धागाच होता, प्रयोग नव्हता. प्रयोग पुढें २०२० सालीं प्रसिद्ध झाला. फिनलंडांतील दोन शहरांत दहा बालसंगोपनगृहें निवडण्यांत आलीं. त्यांतील कांहींच्या अंगणांत नुसती खडी व वाळू होती. अशांपैकीं कांहीं अंगणांत अरण्यांतील जमिनीचा वरचा थर, मुळांसह हिरवळ आणि झाडें लावण्याचे वाफे आणून घातले. तीन ते पांच वर्षांचीं ७५ मुलें ह्या पाहणींत होतीं. अठ्ठावीस दिवस तीं आपआपल्या अंगणांत खेळलीं. महिना पुरा होण्यापूर्वींच अरण्याची माती मिळालेल्या मुलांच्या त्वचेवरील जंतूंची विविधता वाढली आणि रक्तांतील नियंत्रक पेशींशीं संबद्ध असलेल्या खुणाही अनुकूल दिशेनें बदलल्या. ह्यामुळें त्या मुलांची ॲलर्जी टळली, असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं. तें कळावयास वर्षें लागतील. परंतु मातीचा स्पर्श मुलाच्या प्रतिकारयंत्रणेपर्यंत पोंचतो आणि तो इतक्या थोड्या दिवसांत पोंचतो, एवढें ह्या प्रयोगानें दाखविलें.

एथवर वाचून आजीचा पक्ष जिंकला असें वाटण्याचा संभव आहे. म्हणून दक्षिण भारतांतील एक हकीगत येथें सांगणें अवश्य आहे. क्षयाविरुद्धची बी. सी. जी. ही लस फ्रान्समध्यें काल्मेट व गेरँ ह्यांनीं तयार केली आणि १९२१ सालीं ती प्रथम एका बालकाला देण्यांत आली. ब्रिटनमध्यें १९५० सालीं सुरू झालेल्या चांचणींत शाळकरी मुलांना तिनें उत्तम संरक्षण दिलें. भारतांत क्षयाचा कहर मोठा. तेव्हां तिचा येथें किती उपयोग होईल, हें पाहण्यासाठीं मद्रासजवळ चिंगलपट जिल्ह्यांत १९६८ सालीं जगांतील एक अतिशय मोठी चांचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक लोकांना लस किंवा तिच्यासारखें दिसणारें निरुपद्रवी द्रव्य टोंचण्यांत आलें. १९७९-८० च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां वैद्यकीय जग चकित झालें. प्रौढांना होणाऱ्या फुप्फुसांच्या क्षयापासून लसीनें कांहींच संरक्षण दिलें नव्हतें. पंधरा वर्षांच्या पाहणीनंतरही निष्कर्ष तोच राहिला.

असें कां व्हावें? अनेक कारणें सुचविण्यांत आलीं. त्यांपैकीं एक प्रमुख कारण मातीकडे बोट दाखवितें. क्षयाच्या जंतूचे अनेक निरुपद्रवी भाऊबंद उष्ण प्रदेशांतील मातींत व पाण्यांत विपुल असतात. चिंगलपटच्या खेड्यांतील बहुतेक प्रौढांच्या शरीरानें त्यांना आधींच ओळखलें होतें, असें त्वचेवरील परीक्षांवरून दिसून आलें. ज्या विद्यार्थ्याला धडा कसाबसा पाठ झालेला आहे, त्याला तोच धडा पुन्हां दिल्यानें त्याच्या गुणांत वाढ होत नाहीं, तसा हा प्रकार. किंवा असेंही घडत असावें कीं, आधींच सावध असलेलें शरीर लसींतील सौम्य जंतूला वाढण्यापूर्वींच मारून टाकतें आणि म्हणून लसीचा धडा पुरा होत नाहीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत आफ्रिकेंतील मलावी देशांतील तरुण आणि ब्रिटनमधील तरुण घेतले होते. मलावींतील तरुणांच्या रक्तांत लस देण्यापूर्वींच प्रतिक्रिया दिसत होती आणि लसीनें तींत थोडीच भर पडली. ब्रिटनमधील तरुणांत ती भर पुष्कळ मोठी होती.

ह्या हकीगतींतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही, कीं मातींतील जंतु प्रतिकारशक्तीला घडवितात, ही गोष्ट इतकी खरी आहे कीं, तीमुळें लाखों लोकांसाठीं योजिलेल्या लसीचा परिणामही बदलूं शकतो. दुसरी ही, कीं मातीनें दिलेला धडा पुरेसा नसतो. तसा तो असता, तर ज्या खेड्यांत हे जंतु एवढे विपुल, तेथें क्षय उरलाच नसता. परंतु तो तेथें भरपूर होता. ह्यास्तव मातींत राबणाऱ्याला लसीची वा औषधाची जरूर नाहीं, हें म्हणणें पूर्णपणें चुकीचें आहे. बी. सी. जी. ही लस तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून व सर्वांगांत पसरणाऱ्या क्षयापासून वांचविते, आणि भारतांत ती जन्मानंतर लवकरांत लवकर देतात. मातीची शाळा सुरू होण्यापूर्वींच लसीचा धडा झालेला असावा, ह्यांतच शहाणपण आहे.

वेळेप्रमाणेंच दाराचेंही महत्त्व आहे, आणि तें धनुर्वाताच्या उदाहरणानें जितकें पटतें तितकें दुसऱ्या कशानेंही पटणार नाहीं. १८८४ सालीं जर्मनींत आर्थर निकोलायर ह्यानें बागेंतील माती प्राण्यांच्या कातडीखालीं घालून धनुर्वात उत्पन्न करून दाखविला. १८८९ सालीं जपानी शास्त्रज्ञ किटासाटो ह्यानें कॉखच्या प्रयोगशाळेंत त्या जंतूची शुद्ध पैदास केली. हा जंतु मातींत बीजरूपानें वर्षानुवर्षें जगतो. घोडे, गुरें आणि क्वचित् मनुष्य ह्यांच्या आंतड्यांतही तो राहतो. परंतु तेथें तो मुकाट्यानें असतो. तोच जंतु खिळा, कांटा वा विळ्याच्या जखमेंतून हवा न पोंचणाऱ्या खोल जागीं गेला, म्हणजे त्याचें विष मज्जातंतूंत शिरून सर्व शरीर धनुष्यासारखें ताणतें. पूर्वीं बाळाची नाळ न उकळलेल्या विळ्यानें कापून तीवर शेण किंवा राख लावण्याची रीत अनेक घरांत होती. तीपायीं किती अर्भकें आठवड्याच्या आंत दगावलीं, ह्याची गणतीच नाहीं. गरोदर स्त्रियांना लस आणि बाळंतपणांत स्वच्छता, ह्या दोन साध्या उपायांनीं ह्या संकटाला आळा बसला आणि २०१५ सालीं भारतांतून माता व नवजात बालकें ह्यांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. निर्मूलन म्हणजे जंतु नाहींसा झाला असें नव्हे. तो आजही प्रत्येक अंगणांत आहे. फक्त त्याचें दार बंद केलें आहे, आणि लस चुकली कीं तें पुन्हां उघडतें.

तिसरा प्रश्न, शरीर कोणाचें? मेलिऑयडोसिस नांवाचा एक रोग ओलसर मातींतील व साचलेल्या पाण्यांतील जंतूपासून होतो. १९१२ च्या सुमारास रंगूनमध्यें व्हिटमोर व कृष्णस्वामी ह्यांनीं त्याचें प्रथम वर्णन केलें. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः दक्षिण कानडा व उडुपी ह्या बाजूंस, पावसाळ्यांत त्याचे रोगी आढळतात. सुदृढ शेतकरी त्याच चिखलांत जन्मभर राबूनही बहुधा त्याच्या तडाख्यांत सांपडत नाहीं. पण मधुमेह असलेल्या माणसाला तो रोग प्राणघातक होऊं शकतो. अशा माणसानें लावणीच्या दिवसांत चिखलांत उतरतांना पायांत गमबूट घालावेत, हातापायांवरील जखम झांकून ठेवावी आणि ताप हटेना झाला तर वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब लावूं नये.

ह्या सर्वांवरून आचरणाचा जो मार्ग निघतो, तो माती आणि मळ ह्यांतील भेद ओळखण्याचा आहे. मराठी भाषेनें हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, तें उगीच नव्हे. झाडाखालची, वाफ्यांतली, उन्हावाऱ्याची माती ही एक वस्तु. माणसांच्या विष्ठेनें, गटारानें वा कारखान्याच्या सांडपाण्यानें बिघडलेली जमीन ही दुसरी. दुसऱ्या प्रकारच्या जमिनींतून पटकी, विषमज्वर आणि अनवाणी पायांतून शिरणारे आंकडेजंत येतात. त्यांच्याशीं स्नेह जोडण्यासारखें कांहीं नाहीं. शौचानंतर आणि जेवणापूर्वीं साबणानें हात धुणें, पिण्याचें पाणी शुद्ध असणें, भाज्या धुऊन घेणें, ह्या नियमांना जुन्या स्नेह्यांच्या सिद्धांतानें यत्किंचितही बाध येत नाहीं. रूक ह्यांच्यासारखे त्या सिद्धांताचे पुरस्कर्तेही हेंच सांगतात.

उलट, मुलाच्या कपड्यांना डाग पडेल म्हणून त्याला सिमेंटच्या गच्चीवर कोंडून ठेवणें, घरांतील फरशी दिवसांतून चार वेळां जंतुनाशकानें पुसणें आणि साध्या पडशावरही जंतुघ्न औषधें देणें, ह्यांत स्वच्छता नसून स्वच्छतेचा अतिरेक आहे. मूल बागेंत खेळावें, त्यानें रोप लावावें, मातीचा किल्ला करावा, गणपतीच्या मूर्तीसाठीं शाडू मळावा. मग हात धुऊन पानावर बसावें. माती खाण्यास मात्र उत्तेजन देऊं नये. मूल वारंवार माती खात असेल, तर त्याच्या शरीरांत लोहाची उणीव असण्याचा संभव असतो. अशा मुलाला रागावण्यापेक्षां त्याचें रक्त तपासून घेणें अधिक हिताचें. त्याचप्रमाणें, मातींतील जंतूंच्या पुड्या व गोळ्या विकून सर्व रोग बरे करण्याचीं आश्वासनें देणाऱ्यांपासूनही सावध असावें. ह्या शास्त्राला अजून पुष्कळ शिकावयाचें आहे, आणि जें आज उंदरांत वा सशांत दिसलें, तें उद्यां मनुष्यांत दिसेलच, अशी खात्री देतां येत नाहीं.

आई आणि आजी ह्यांच्या वादाचा निकाल आतां लागतो. मुलाच्या तोंडांतील माती काढणारी आई बरोबर आहे, आणि त्याला पुन्हां अंगणांत सोडणारी आजीही बरोबर आहे. लस टोंचलेला दंड, झांकलेली जखम, धुतलेले हात आणि मातीनें भरलेलें अंगण ह्या चारही गोष्टी एकाच मुलाला मिळाव्यात, एवढेंच शास्त्राचें मागणें आहे. शेवटीं मनुष्याचा देह मातींतून उपजलेल्या अन्नावर वाढतो आणि मातींतच मिळतो, असें संतांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांनीं मानलें आहे. ह्या दोन टोंकांच्या मध्यें जें आयुष्य आहे, त्यांत मातीशीं ओळख ठेवणें आवश्यक आहे. ती ओळख मात्र योग्य वेळीं आणि योग्य दारानें व्हावी.